दारातलं झाकण

आण्णाच्या तोंडावर पाय दिला आणि मी गटारात गेले. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. आमच्या गल्लीचं हसून कधीच झालंय.

आण्णा म्हणजे आमचा नगरसेवक. गळ्यात बैलाला बांधावी तेवढी जाड सोन्याची साखळी, पायात पांढरे बूट, आणि नाक्यानाक्यावर हात जोडलेला फ्लेक्स. त्याचं पाळण्यातलं नाव आता कुणाला आठवत नाही, बहुतेक त्यालाही आठवत नसेल. आमची गल्ली अंबरनाथ पश्चिमेला. दोन्ही बाजूंना घरं आणि घरांच्या पायऱ्यांना लागून दोन्ही बाजूंना गटार. त्याच्यावर सिमेंटची झाकणं होती. गटार साफ करायचं म्हणून ती उचलली, टेम्पोत घातली, आणि टेम्पो गेला तो गेलाच. गटार काही साफ झालं नाही, ते होतं तसंच राहिलं.

मग दोन हजार नऊच्या जानेवारीत आण्णाचा वाढदिवस आला. स्टेज आमच्याच गल्लीच्या तोंडाशी. मोठमोठे नेते येणार आणि त्यांच्या नाकाखाली उघडं गटार! कार्यकर्त्यांनी अक्कल पाजळली. वाढदिवसाचे फ्लेक्स उरले होते ते गटारावर अंथरले, कडेला विटा ठेवल्या, मिटला प्रश्न. मी गिरणीतून दळण घेऊन येत होते. फ्लेक्सवर पाय द्यायचं आम्हाला काही वाटत नाही. आमच्याकडे फ्लेक्सवर पापड वाळतात, पत्रा गळला की वरून फ्लेक्स पडतो, पावसात कोंबड्यांच्या खुराड्यावर फ्लेक्स असतो. मी आपला पाय ठेवला तो नेमका आण्णाच्या मिशीवर, आणि मिशीसकट खाली गेले. खुब्याचं हाड मोडलं. दळण गेलं ते वेगळंच.

दवाखान्यात खुब्यात सळई घातली. टाके ओले होते तोवर आण्णा हजर. हातात सफरचंदं, मागे फोटोवाला. माझे केस विस्कटलेले, तोंड सुजलेलं, अंगावर दवाखान्याचा मळका झगा. आण्णानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मान फोटोवाल्याकडे वळवली.

"मावशी, काही काळजी करू नका. मी बसलोय."

"तू बसलायस ते दिसतंय," मी म्हटलं. "गटाराला झाकण कधी बसवतोस?"

"टेंडर काढलंय, मावशी."

फोटो निघाला आणि फोटोवाल्यानं सफरचंदांची पिशवी पुढच्या खाटेसाठी उचलून नेली. तीच पिशवी. घरी आले तर नाक्यावर हा मोठा फ्लेक्स: 'गोरगरिबांचे कैवारी आण्णा यांनी केली गयाबाईंची विचारपूस'. मध्ये आण्णा, बाजूला माझं सुजलेलं तोंड, आणि तळाला शुभेच्छुक म्हणून रांगेनं बारकी बारकी मुंडकी. ज्यांनी गटारावर फ्लेक्स अंथरला तीच मुंडकी! थू तुमच्या जिनगानीवर, म्हटलं मी, आणि रिक्षावाल्याला पुढं घ्यायला सांगितलं.

आता माझी अडचण नीट ऐका. डॉक्टरनं मला वॉकर दिला, चार पायांचा. माझ्या दाराला एक पायरी आणि पायरीला लागून ते गटार, चांगलं ढांग टाकायला लागेल एवढं रुंद. झाकण होतं तेव्हा दार आणि रस्ता एकच होता. आता धडधाकट माणूस ढांग टाकून जातो. मी वॉकर घेऊन काय उड्या मारू? फळी टाकून बघितली. वॉकरचे पाय फळीवर मावेनात, फळी डुगडुगायला लागली, आणि दुसऱ्या दिवशी ती चोरीलाच गेली. शेजारची पोरं म्हणाली, "मावशी, खुर्चीत बसा, दवाखान्यातून आल्यावर आत आणलं तसंच उचलून नेतो." मी म्हटलं, उचलून न्यायचं तर मेल्यावर न्या, जिवंत आहे तोवर मी माझ्या पायानं जाईन.

आणि जायचं कुठं? विहारात. गल्लीच्या टोकाला आमचं बुद्धविहार. माझे मालक, भीमराव, फॅक्टरीतून सुटले की घरी न येता तिथं विटा वाहायचे, तेव्हा ते उभं राहिलं. ते गेल्यानंतरही मी एक जयंती चुकवली नाही, एक पौर्णिमा चुकवली नाही. पांढरी साडी नेसायची आणि पहिल्या रांगेत बसायचं. त्या वर्षी बाबासाहेबांची जयंती मी पायरीवर बसून ऐकली. बुद्धपौर्णिमा पण पायरीवर. लाउडस्पीकरवर 'बुद्धं सरणं गच्छामि' चाललंय आणि मी गटाराला हात जोडून बसलेय! रडले मी त्या दिवशी, खोटं कशाला सांगू. मग डोळे पुसले आणि ठरवलं, दसऱ्याला, धम्मचक्राच्या दिवशी मी विहारात असणार, स्वतःच्या पायानं. त्यासाठी झाकण पाहिजे. आण्णाचं काय व्हायचं ते होवो, मला झाकण पाहिजे.

माझी पोरगी यशोधरा फॅशन डिझायनर आहे. हा शब्द मी गल्लीत पहिल्यांदा काढला तेव्हा समोरच्या कौसाबाईनं विचारलं होतं, "म्हंजी फॉल-पिको का गं?" मुंबईला जाऊन कोर्स केला पोरीनं, आणि नोकरी लागली उल्हासनगरला, कॅम्प पाचात, एका सिंधी शेठच्या जीन्सच्या कारखान्यात. तिथं ती दिवसभर खिसे काढायची. म्हणजे पँटीच्या मागच्या खिशावर कसली शिलाई मारायची ते कागदावर काढायचं. एवढं शिकून पोरगी लोकांचं ढुंगण सजवते, असं मी चारचौघांत म्हणायचे आणि ती फणकारून उठून जायची.

पौर्णिमेच्या संध्याकाळी तिनं माझे सुजलेले डोळे बघितले. म्हणाली, "आई, मोर्चा काढू या. कपडे मी शिवते."

"मोर्चाला घोषणा लागतात. कपडे घालून तर सगळेच जातात."

"आण्णाच्या फ्लेक्सचे कपडे. ते घालून बायका त्याच्या ऑफिसवर जातील. कपडा बोलतो, आई."

"मग मला तोंड कशाला दिलंय? चघळायला?"

ती चिडली. "बाबासाहेब सूट घालून उभे राहायचे. तो कोट काय नुसता थंडीसाठी होता?"

भीमराव ड्युटी संपली की खाकी कपडे उतरवून इस्त्रीचा शर्ट घालूनच घरी यायचे, आणि वाटेत कुणी 'एवढा नटून कुठं चाललास' विचारलं तर तिथंच भांडायला उभे राहायचे. ते मला आठवलं. म्हटलं, कर बाई काय करायचं ते.

तिनं गल्लीतले फ्लेक्स गोळा केले. कोंबड्यांवरचे काढले, पत्र्यावरचे काढले. साध्या मशीनवर ते जाड प्लास्टिक शिवलं जाईना, म्हणून सुट्टीच्या दिवशी कारखान्यातल्या जीन्सच्या मशीनवर शिवले. शेठ आत देवाला अगरबत्ती लावत होता. त्याला वाटलं पोरगी ऑर्डरचं काम करतेय, त्यानं चहा पण पाजला. परकर शिवले, कोट शिवले, ओढण्या शिवल्या. आणि डोकं असं चालवलं की प्रत्येक परकरावर आण्णाचं तोंड बरोबर बसायच्या जागी. बाई खाली बसली की आण्णा दबला पाहिजे! इथं मात्र तिचं खिशांचं शिक्षण कामी आलं, मानलं मी.

पण आमच्या बायका! कपडे घालून बघायला जमल्या आणि भांडायला लागल्या. कुणाला आण्णाचं तोंड मागं असो की पुढं, काही पडलं नव्हतं. प्रत्येकीला तळाच्या रांगेतलं आपल्या नवऱ्याचं नाहीतर पोराचं मुंडकं पाहिजे होतं. कौसाबाईला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, फोटो तिला धड दिसत पण नव्हता. तरी हटून बसली. "माझा राजरत्न छातीवर पाहिजे. न्हाईतर मी येनार न्हाई." तिचा राजरत्न म्हणजे आण्णाच्या मागं मोटारसायकल फिरवणारा पहिल्या नंबरचा चमचा. यशूनं कपाळाला हात लावला आणि राजरत्न कापून छातीवर शिवला. म्हणजे मोर्चा आण्णाच्या विरोधात, आणि छातीवर आण्णाचे शुभेच्छुक! मी पायरीवर बसून हे सगळं बघत होते. अशा बायकांना बघून मला आमच्या रक्ताचा सुद्धा राग आला.

मोर्चा निघाला. 'झाकण द्या, झाकण द्या' करत उन्हात सळसळत गेला. प्लास्टिकच्या परकरात बायका घामानं निथळत होत्या. मी पायरीवर. दुपारी परत आला तेव्हा सगळ्यांच्या पुढं कोण? आण्णा! हात जोडून, हसत. मागं बायका, आणि त्याचा फोटोवाला उलटा चालत फोटो काढतोय.

माझ्या दारासमोर थांबला आणि म्हणाला, "बघा मावशी, काय हे प्रेम! माताभगिनींनी मला अंगाखांद्यावर घेतलं. बाजारातून चाललो तर जिकडं बघावं तिकडं मीच!"

"ते तुला कुठं लावलंय ते बघितलंस का?"

"माणसानं जमिनीला धरून असावं, मावशी," म्हणाला आणि हसला.

निर्लज्जाच्या ढुंगणावर झाड उगवलं तर म्हणे सावली झाली! ही म्हण माझी आई सांगायची, पण झाड डोळ्यांनी बघायचा योग त्या दिवशी आला. माणसाचा अपमान करायचा तर त्याच्याकडे मान असायला लागतो. याच्याकडे नुसतं तोंड होतं, आणि ते कुठंही छापलं तरी त्याला चालत होतं.

वर यशूला म्हणाला, "बेटा, तुझ्या हातात कला आहे. मला यंदा आमदारकीचं तिकीट मागायचंय. सप्टेंबरात पदयात्रा काढतोय. माझ्या पोरांना जॅकेटं शिवून दे. पाठीवर माझा फोटो, खाली 'आपले आण्णा'. तू म्हणशील ते डिझाईन."

"आणि झाकण?" यशूनं विचारलं.

"टेंडर काढलंय."

यशू म्हणाली, "ठीक आहे, आण्णा. शिवते."

तो गेल्यावर मी तिला जी धरली! बाबासाहेबांच्या कोटाचं नाव घेतलंस ना गं माझ्यापुढं? आणि आता या गटारातल्या बेडकाची झूल शिवणार? बापानं विटा वाहिल्या, आई गटारात पडली, आणि लेक त्याच आण्णाला पाठीवर मिरवणार! मला म्हणाली, "आई, थोडं थांब." मी म्हटलं, मी थांबूनच आहे, दारात, तूच पळत सुटलीस. त्यानंतर मी तिच्याशी बोलले नाही. ती भाकरी वाढायची, मी ताट ओढून घ्यायचे. मला तिची किळस आली होती, असं आईनं म्हणू नये, पण आली होती.

जॅकेटं तयार झाली. पांढरी, लांब बाह्यांची, खांद्यात जरा घट्टच. पाठीवर मधोमध आण्णाचा फोटो, खाली निळ्या अक्षरांत 'आपले आण्णा'. फिटिंग बघायला आण्णानं सगळ्या पोरांना आमच्या दारासमोर रस्त्यावर रांगेत उभं केलं. राजरत्न पुढं. सगळे कसे? मान खाली, हात पोटावर बांधलेले. आण्णासमोर हात वर करायची कुणाची टाप आहे? पगारी नोकर मालकासमोर उभे राहतात तसेच, फक्त पाठ त्याच्याकडे. आण्णानं एकेकाच्या पाठीवरून हात फिरवला, स्वतःच्या गालाला स्वतःच थोपटलं, आणि म्हणाला, "एक नंबर." मी माझं दार लावून घेतलं.

पदयात्रेच्या दिवशी पण मी दार लावूनच बसणार होते. यशू कामावर गेली नव्हती. सकाळपासून आतबाहेर करत होती. ढोलाचा आवाज आला तशी तिनं दार उघडलं, माझा वॉकर पायरीवर नेऊन ठेवला आणि म्हणाली, "आई, एकदा बाहेर ये. मग आयुष्यभर बोलू नकोस."

गेले. पुढं आण्णा, गळ्यात झेंडूचा हार, खिडक्यांकडे बघून हात जोडतोय. मागं सगळी जॅकेटवाली पोरं. माझ्यासमोरून गेली आणि मला त्यांच्या पाठी दिसायला लागल्या. आण्णा, आण्णा, आण्णा, ओळीनं आण्णा. खाली 'आपले आण्णा'.

तेवढ्यात राजरत्न ओरडला, "आण्णा, तुम आगे बढो!"

"हम तुम्हारे साथ हैं!" म्हणत सगळ्यांनी दोन्ही हात वर टाकले.

आणि पाठी उघडल्या. काय सांगू तुम्हाला! यशूनं प्रत्येक पाठीला मधोमध आत मुडपून एक खोल चुणी घातली होती. हात खाली असले की चुणी बंद, आण्णाचं तोंड अख्खं, एका बाजूला 'आपले', दुसऱ्या बाजूला 'आण्णा'. हात वर गेले की खांद्यातलं घट्ट कापड ओढलं जायचं, चुणी फाकायची, आण्णाचं तोंड नाकापासून दोन तुकडे व्हायचं, आणि मध्ये आतल्या कापडावरचा तिसरा शब्द बाहेर यायचा. लालभडक. झाकण. 'आपले झाकण आण्णा'.

आता झाकण म्हणजे काय ते मुंबईकडच्या माणसाला सांगायला नको. ज्याच्या डोक्यात काही शिरत नाही, दुसऱ्यानं सांगितलं तरी ज्याला कळत नाही, अशा मठ्ठाला आमच्याकडची शेंबडी पोरं पण झाकण म्हणतात. पहिल्यांदा एक पोरगी हसली. मग वरच्या माळ्यावरच्या बायका. मग सगळी गल्ली. पाठ कुणाला स्वतःची दिसते? पोरांना वाटलं लोक खूश झाले, ती आणखी जोरात ओरडायला लागली. घोषणा दिली की उघडायचं, थांबली की मिटायचं. झाकण, आण्णा, झाकण, आण्णा! आणि तो सगळ्यांच्या पुढं, हसणाऱ्या लोकांना हात हलवतोय. मी इतकी हसले की खुब्यातली सळई ठणकायला लागली. यशूच्या गालावर एक चापट मारली आणि त्याच गालाचा मुका घेतला.

"मला आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुझ्या तोंडाला तरी कुठं झाकण आहे?" ती म्हणाली.

स्टेशनपर्यंत आण्णाला पत्ता नव्हता. तिथं कुणीतरी मोबाईलवरचा फोटो दाखवला. संध्याकाळी तो आमच्या दारात, मागं राजरत्न जॅकेट हातात चुरगळून. आण्णाचं तोंड पहिल्यांदा फ्लेक्सवरच्यासारखं नव्हतं.

"हे काय लिहिलंस गं?"

"आमची मागणी, आण्णा," यशू म्हणाली. "गटाराला झाकण. तुम्ही टेंडर काढलंय ना? तुमच्याच कामाची जाहिरात केली."

रागावला तर त्याचा अर्थ असा की झाकण आपल्यालाच म्हटलंय हे त्याला पटलं. तो गेला. पण दुसऱ्या दिवसापासून त्याची गाडी दिसली की शाळेची पोरं भिंतीआडून ओरडायची, "ए झाकण!" तिकीट दुसऱ्याच कुणाला गेलं. ते जॅकेटांमुळं गेलं की आणखी कशामुळं ते त्यांच्या पक्षालाच ठाऊक.

यशूची नोकरी मात्र आमच्यामुळंच गेली, त्यात शंका नाही. शेठनं तिला बोलावून चहा पाजला आणि म्हणाला, "बेटी, तू आर्टिस्ट है. पर मेरेको इधर धंदा करना है. आण्णा का फोन आया था." फोन अंबरनाथहून उल्हासनगरला पोचायला किती वेळ लागतो? अशा कामाला याचे हात कसे लगेच पोचतात बघा. पोरगी घरी आली, टेबलावर कात्री ठेवली आणि पाणी प्यायली. मी म्हटलं, "लोकांची ढुंगणं सजवायची सुटली." ती हसली नाही. मग मी पण नाही हसले.

दसऱ्याच्या आधी टेम्पो आला. त्यात झाकण. एकच! सिमेंटचं, नवंकोरं, माझ्या दारासमोर बसवलं. वर ऑइल पेंटनं लिहिलेलं: 'सौजन्य: आण्णा'. फोटोवाला होताच. राजरत्न मला म्हणाला, "मावशी, आता खूश? आता तोंड बंद ठेवा, आणि पोरीचं पण." म्हणजे माझं तोंड बंद करायला ते झाकण होतं, गटाराचं नव्हतं. बाकी गल्ली उघडीच. शेजारणी माझ्या झाकणाकडे बघायला लागल्या, आणि कशा बघायला लागल्या म्हणता! मोर्चात घाम त्यांनी गाळला आणि झाकण गयाबाईला. एक तर बोललीच, "पोरगी शिकलेली असली की बरं असतं बाई." मी ते झाकण परत केलं नाही. मी काय संतीण आहे? मला बाहेर जायचं होतं.

धम्मचक्राच्या दिवशी पांढरी साडी नेसले. यशूनं निऱ्या धरल्या. वॉकर पायरीवरून खाली ठेवला तो बरोबर 'सौजन्य'वर, आणि माझा पाय 'आण्णा'वर. जानेवारीत असाच पाय दिला होता, तेव्हा खाली गेले होते. आता हलला नाही. एकदा जोर देऊन बघितला, मग मुद्दाम आणखी एकदा. रस्त्यावर आले. आठ महिन्यांनी मला माझं घर बाहेरून दिसलं.

आणि समोर बघते तर काय! विहारात त्या दिवशी आण्णा पाहुणा. गल्लीभर पुन्हा फ्लेक्स, गटारावर अंथरलेले, कडेला विटा. समोरच्या बाजूला, कौसाबाईच्या पायरीखाली, त्यांनी जुनाच एक टाकला होता. 'गयाबाईंची विचारपूस'. माझं सुजलेलं तोंड भोकावर पसरून ठेवलेलं, वर आभाळाकडे बघतंय.

आणि कौसाबाई पांढरी साडी नेसून दारात. रोज ती काठीनं चाचपून गटार ओलांडायची, तिला त्याची सवय होती. त्या दिवशी काठी काखेत मारलेली. मी आलेली तिला सावलीसारखी दिसली असेल, ती हसली आणि म्हणाली, "गया, आली का गं? माज्या पन दारात झाकण बसलं. राजरत्ननं सांगितलं. काठी नको आता, म्हनला." आणि तिनं पाय उचलला.

"कौसे, थांब!" मी अशी ओरडले की विहारातला माईक पण गप्प झाला असेल. तिचा पाय हवेतच राहिला, यशूनं उडी मारून तिला मागं ढकललं. मी वॉकर घेऊन कशी पोचले ते मला ठाऊक नाही. वॉकर उचलला आणि त्याचा पाय माझ्याच तोंडात घातला. डोळ्यातून हनुवटीपर्यंत फाडलं. फ्लेक्स चरचरला, विटा आत पडल्या, आणि ते काळं पाणी सगळ्यांना दिसलं.

राजरत्न धावत आला. "ओ मावशी, काय करता! तुमचाच फोटो आहे तो!"

"माझं तोंड आहे, मी फाडीन. आणि मेल्या, हे तू अंथरलंस? आईच्या दारात? आईला झाकण म्हणून सांगून?"

तो आईकडे बघेना. कौसाबाईनं काठी काखेतून काढली, वाकून गटारात घातली. काठी खाली गेली, गेली, आणि पाण्याचा आवाज आला. काठी वर काढली, साडीच्या पदरानं पुसली आणि दुसऱ्या हातानं माझा वॉकर धरला. त्याच्या आधारानं ढांग टाकून माझ्या बाजूला आली. पोराच्या अंगाला अंग न लावता.

आण्णाचा हार घेऊन कार्यकर्ते पळत होते. लाउडस्पीकरवर वंदना सुरू झाली. पहिल्या रांगेत जागा धरायची होती, उशीर करून चालणार नव्हतं.

"यशू," मी म्हटलं, "उद्या कौसाबाईचं माप घे."

"कसलं, आई? जॅकेटचं का झाकणाचं?"

"दोन्हीचं," कौसाबाई म्हणाली. "आनि या खेपंला छातीवर कुनाचं मुंडकं नको."